रविवारी मंडळीत पेटी, सप्ताहात गावात पेटी: ख्रिस्ती माणसानं काय ऐकावं, काय वाजवावं?

पेटीवाला
जय ख्रिस्त आणि रामराम. दोन्ही का, ते खाली कळेल. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नेवासे तालुक्यातला, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. बावीस वर्षं झाली, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी उपासनेला पेटी वाजवतो. पण पेटी शिकलो ती गावातल्या भजनी मंडळाच्या अण्णांच्या ओसरीवर. अण्णा कडक माळकरी. मी सातवीत होतो. फी म्हणजे रोज संध्याकाळी त्यांच्या गाईला वैरण टाकायची. आधी अलंकार (सुरांचे पलटे), मग भूप राग, मग थेट हरिपाठाच्या चाली. माझे वडील मंडळीचे वडीलजन (कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी) होते. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी कधी हटकलं नाही.

अण्णा गेल्यापासून गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात शेवटचे दोन दिवस पेटीला मी बसतो. एक नियम स्वतःच पाळत आलोय, कुणी घालून दिलेला नाही. गजर सुरू झाला की बोटं चालतात, तोंड बंद.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे पाळकसाहेब (पास्टर) आले. तरुण, अभ्यासू, आजाऱ्याच्या घरी रात्री अकरालाही जाणारे. यंदा सप्ताहाची एक क्लिप व्हॉट्सॅपवर फिरली. पुढच्या रविवारी उपदेशाचा विषय होता 'कानाचं दार'. माझं नाव घेतलं नाही, पण बोटांचा उल्लेख आला तेव्हा अर्धी मंडळी पेटीकडे बघत होती. त्यानंतरचं गीत काळी दोनच्या पट्टीत म्हणतो आम्ही, मी काळी एकच्या पट्टीत धरलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

नंतर घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, सिनेमाची गाणी, अभंग, जगिक (धर्माबाहेरचं) जे जे असेल ते हळूहळू बंद केलेलं बरं. 'सोडा' असं म्हणाले नाहीत, 'प्रार्थना करा' म्हणाले.

हे सगळं अकरावीतला मुलगा आतून ऐकत होता. त्याच्या फोनात मराठी रॅप भरलंय, मधेमधे शिव्याही आहेत. मागच्या महिन्यात मीच त्यावरून ओरडलो होतो. आता तो म्हणतो, "पप्पा, आधी तुमचं ठरू द्या. तुमचे भीमसेन गेले की माझे पण डिलीट करतो."

मला वाद नको आहे. इथं कॅथलिक, प्रोटेस्टंट, वारकरी, काहीच नसलेले, सगळे असतात. तुम्ही ही चाळणी कशी लावता?

शब्दजीवी
दादा, पाळकांची बाजू मी घेतो, कारण इथं कुणी घेणार नाही.

मी बारा वर्षं मेटल ऐकलं. पुण्यात बँड होता, मी ड्रमवर. तारणाचा अनुभव आल्यावर सगळं सोडलं. कुणी सांगितलं म्हणून सोडलं नाही. ते वाजायला लागलं की जुना मी जागा व्हायचा, ते मला परवडत नव्हतं. तेव्हा 'कान वेगळा, मन वेगळं' हे मला पटत नाही.

अभंगाचा मुद्दा तर आणखी सरळ आहे. अभंग हे नुसतं गाणं नाही, ती प्रार्थना आहे. हे मी म्हणत नाही, कुठल्याही वारकऱ्याला विचारा. त्याला 'कला' म्हणून ऐकायचं आणि त्यातला विठ्ठल बाजूला काढून ठेवायचा, यात तुम्ही त्यांचाही मान ठेवत नाही आणि आपलाही. बायबलमध्ये पौल म्हणतो, सर्व गोष्टींची मोकळीक आहे, पण सर्व हितकारक नाहीत. हे वाक्य लोक सोयीनं वापरतात. ते ज्या अध्यायात आहे (१ करिंथ १०) तो अध्यायच मूर्तीपुढच्या जेवणाबद्दल आहे.

तुमच्या मुलाचा प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे.

गणा_धाव_रे
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टाळकरी
शब्दजीवी, वारकऱ्याला विचारा म्हणालात म्हणून उत्तर देतो. घरी चार पिढ्यांची वारी आहे. हो, अभंग ही प्रार्थनाच. तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो तुमच्याकडून ऐकून बरं वाटलं. हल्ली लोक संतवाणीला 'प्लेझंट म्युझिक' म्हणतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

पण आमच्या मंडळातही एक ख्रिस्ती पेटीवाले होते. गजराला तेही गप्प असायचे. एकदा कुणीतरी महाराजांकडे तक्रार केली. महाराज म्हणाले, त्याचं तोंड त्याच्या देवाकडं ठेवलंय, सूर आपल्याला दिलाय, आणखी काय पाहिजे. पेटीवाला, तुमचा नियम वाचला आणि ते आठवले.

वसईकरीण
आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेनं येतो, म्हणून लिहिते. मी वसईची, धर्मग्रामाच्या कॉयरमध्ये वीस वर्षं आहे.

कॅथलिकांत आधी एक फरक करावा लागतो: मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) काय गायचं आणि घरी काय ऐकायचं. पहिल्यावर नियम आहेत, दुसऱ्यावर विवेक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान दिलंय, आणि ज्या ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिलाही उपासनेत जागा द्या असंही म्हटलंय. त्यामुळे आज आमच्या मिस्सात पेटी-तबला आहे. माझी आजी लॅटिन मिस्सात वाढली. तिला पहिल्यांदा तबला ऐकून 'देवळात आल्यासारखं' वाटलं होतं, आणि ती कौतुक करत नव्हती बरं का.

लग्नाच्या मिस्साला नवरानवरी सिनेमातलं गाणं मागतात, दर मोसमात दोन तरी. आम्ही सांगतो, बाळा, ते हॉलमध्ये लाव, आम्ही नाचायला येऊ. हे ढोंग नाही. वेदीसमोरच्या गाण्याचं काम वेगळं आणि वरातीतल्या गाण्याचं वेगळं, एवढंच.

दुसरं म्हणजे आमच्याकडे गप्प बसायचेही दिवस आहेत. उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) 'आलेलुया' म्हणत नाही. पवित्र गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर ईस्टरच्या जागरणापर्यंत घंटा नाही, वाद्यांची साथ जवळजवळ नाही. घंटेच्या जागी लाकडी खटखट्या. माझी आई त्या चाळीस दिवसांत घरातला रेडिओसुद्धा लावायची नाही. तिनं जुन्या सिनेमाची गाणी कधी पाप मानली नाहीत, आणि ईस्टरच्या सकाळी सगळ्यात आधी रेडिओच लागायचा. काय ऐकायचं यापेक्षा कधी थांबायचं हे आम्हाला आधी शिकवलं गेलं.

निवृत्त_बाई
पेटीवाला, तुम्ही नेवाशाचे, मी नगरची. छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि तितकीच वर्षं शब्बाथशाळा (मुलांचे रविवारचे धर्मवर्ग).

आधी तुमच्या पाळकसाहेबांना एक आठवण द्या. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आपल्या उपासना-संगीतातून टिळकांची पदं आणि अभंग काढले तर रविवारी गायला काय उरेल ते बघा. विलायती चालीत कोंबलेली मराठी आपल्या लोकांच्या तोंडात बसत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. आजच्या भाषांतरित स्तुतिगीतांत 'प्रभू'तला 'प्र' आघातावर येतो आणि 'भू' हवेत लोंबकळत राहतो, तेव्हा मला टिळकांची फार आठवण येते. (राग आला तर येऊ द्या, मी निवृत्त आहे.)

त्याच्याही आधी १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण. जन्मानं इंग्रज जेझुइट, राहायला गोव्यात, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत. का लिहिलं? नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही द्या. बंदी घालणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. माणसाचा कान रिकामा राहत नाही.

आता शास्त्र. फिलिप्पै ४:८ सगळे उद्धृत करतात: जे काही सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, 'श्रवणीय'. आपल्या मराठी शास्त्रात तो शब्द आहे म्हणून तरुण संघात दरवर्षी कुणीतरी म्हणतं, बघा, पौल गाण्यांबद्दल बोलतोय! मूळ ग्रीक शब्द 'युफेमा', ज्याच्याबद्दल चांगलं बोललं जातं ते. संगीताशी त्याचा संबंध नाही. शब्द सुंदर आहे, पण त्यावर नियम उभारू नका.

मात्र शब्दजीवींनी १ करिंथ १० काढलंय, तर तो अध्याय पुरता वाचू. बाजारात जे मांस विकतात ते चौकशी न करता खा, असं पौल तिथंच म्हणतो (१०:२५). परक्यानं जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. रिक्षात, सलूनमध्ये, शेजारच्या गच्चीवर लागलेलं गाणं माझ्या मते बाजारातलं मांस. पण आठव्या अध्यायात देवळातल्या पंगतीला जाऊन बसणाऱ्याचा प्रश्न आहे, आणि तिथं तो दुर्बळ भावाचा (ज्याचा विश्वास अजून कच्चा आहे, आपल्याला बघून जो अडखळेल त्याचा) विचार करायला लावतो. पेटीवाला, मनानं मी तुमच्या बाजूची आहे. तरी प्रामाणिकपणे सांगते, सप्ताहातली पेटी मला बाजारात बसवता येत नाही. ती पंगतीच्या जास्त जवळ आहे.

पेटीवाला
बाई, दंडवत. शेवटचं वाक्य टोचलं, पण बरोबर जागी.

शब्दजीवी
बाई, प्रतिसाद आवडला. 'श्रवणीय'चं माहीत नव्हतं, मी स्वतः दोनदा तसा उपदेश केलाय.

एक भर घालतो. हा झगडा फक्त 'जगिक' गाण्यांचा नाही. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात लिहितात की, जे गायलं जातंय त्यापेक्षा गाणंच मला जास्त हलवतं तेव्हा मी पाप केलं असं समजतो, आणि त्या वेळी गाणाऱ्याचा आवाज कानी न आलेला बरा. आणि ते बोलताहेत चर्चमधल्या स्तोत्रगायनाबद्दल! म्हणजे 'ख्रिस्ती गाणं आहे ना, मग ऐका' हीसुद्धा पळवाटच. दोन तास डोळे मिटून आराधना ऐकतो आणि बायकोशी उलट बोलतो, असे दिवस माझ्याच घरात आहेत. आमोस ५:२३ (तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर न्या, असं देव म्हणतो) तेव्हा फार जोरात ऐकू येतं.

मडगावचो_बास
देव बरें करूं! मी गोंयकार, मराठी बेतास बात.

आमच्याकडे बंदी म्हणजे काय हे पुस्तकात वाचावं लागत नाही. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशननं (चर्चच्या धर्मन्यायालयानं) हुकूमनामा काढला. ख्रिस्ती लग्नात देशी वाद्यं नकोत, ओव्या नकोत. सगळ्यांसमोर नाहीत आणि दाराआडसुद्धा नाहीत. तरीही ओव्या राहिल्या. कशा राहिल्या? बायकांनी गायल्या, स्वयंपाकघरात.

दुसरी बाजू पण सांगतो. त्याच चर्चच्या पारोकियाल शाळांत मेस्त (संगीताचा मास्तर) पोरांना सोल्फेज (पाश्चात्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवायचा, फुकट, मिस्साला वाजवता यावं म्हणून. ती पोरं मोठी होऊन मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा त्यांनी भरून टाकले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. वडील चर्चचे कॉयर मास्टर. स्वतः प्यारेलालना आणि आर. डी. बर्मनना व्हायोलिन शिकवलं. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, किती नावं घ्यायची. पाळक ज्याला जगिक म्हणतो त्या गाण्यातले मागचे व्हायोलिन चर्चमधून आलेले आहेत. मग ते ऐकताना मी चर्चबाहेर असतो की आत?

मी शनिवारी हॉटेलात बास वाजवतो, रविवारी सातच्या मिस्साला ऑर्गन. मध्ये चार तास झोप. माझं कुंपण एकच. शनिवारी असं काही वाजवायचं नाही की रविवारी पाद्रीसमोर मान खाली जाईल. सगळं जमतं असं नाही. काही गाणी मी नाकारलीत, त्यांचे पैसे गेले.

तळटीप
अवांतर: ज्या पेटीवरून हा धागा आहे ती तरी कुणाची? हार्मोनियम युरोपातली. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये दबाँनी पेटंट घेतलं, मिशनरी पायाची पेटी घेऊन आले, कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याची केली आणि ती कीर्तनात शिरली. परकी आणि बेसूर म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं तिला हवेवरून हाकललं होतं. म्हणजे ख्रिस्ती वाद्य वारकऱ्यांकडे गेलं आणि वारकऱ्यानं ते ख्रिस्ती पोराला शिकवलं. हिशेब फिटला!

रीळ९३
मी तरुण संघाच्या शिबिरात कॅसेटी जाळलेल्या पिढीतला.

१९९३ ची उन्हाळी सुट्टी. बाहेरून वक्ते आले होते. कॅसेट उलटी फिरवली की सैतानाचे संदेश ऐकू येतात, असं त्यांनी टेपवर ऐकवलं. घरघर ऐकू आली, आम्ही माना डोलावल्या. शेवटच्या रात्री शेकोटीत प्रत्येकानं आपापल्या कॅसेटी टाकायच्या होत्या. प्लॅस्टिक आधी फुगतं, मग त्याला बुडबुडे येतात, आणि आतली फीत क्षणात आक्रसून नाहीशी होते. वास दोन दिवस केसांतून जात नाही.

माझ्या पिशवीत चार होत्या. तीन इंग्रजी, माझ्या. चौथी आईची, नाट्यगीतांची. घाईत तीही गेली. घरी आल्यावर आईनं विचारलं, मी साक्ष दिल्यासारखं अभिमानानं सांगितलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी कणीक मळताना त्यातलंच एक पद गुणगुणत होती. तिला पाठ होतं सगळं.

इंग्रजीतल्या तीनपैकी दोन खरंच वाह्यात होत्या, त्यांचं मला आजही दुःख नाही. पण काय सोडायचं हे शेकोटीभोवती, चाळीस पोरांच्या टाळ्यांत ठरवू नये.

निळा_सदरा
जर्मन धर्मसुधारक लूथरनंही दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून भक्तिगीतं केली होती की. चाल कुठलीही असो, शब्द महत्त्वाचे. विषय संपला.

तळटीप
नाही संपला. ही इंटरनेटवरची लाडकी दंतकथा आहे. 'बार' हे जर्मन गीतरचनेतल्या एका आकृतिबंधाचं नाव, दोन ओळी एका चालीत आणि तिसरी वेगळी. त्याचा कुणीतरी दारूचा बार केला.

लूथरनं लौकिक चाल घेतलीच नाही असं मात्र नाही. नाताळचं एक गीत त्यानं १५३५ मध्ये एका कोड्याच्या लोकगीतावर बसवलं होतं. गंमत म्हणजे १५३९ मध्ये त्याला नवी चाल दिली गेली. जुनी चाल लोकांच्या डोक्यात कुठल्या गाण्याशी चिकटली आहे हे त्यांनाही बघावं लागलं. म्हणजे चाल निष्पाप असते हेही पूर्ण खरं नाही.

उलट उदाहरणही आहे. ख्रिस्ताच्या जखमी मस्तकावरचं उत्तम शुक्रवारचं जे गीत जगभर गातात, जर्मन संगीतकार बाखनं मॅथ्यूच्या दुःखसहनगीतात जे पुन्हा पुन्हा वापरलं, त्याची चाल हान्स लिओ हासलरच्या १६०१ च्या प्रेमगीताची आहे. प्रेयसीनं मन गोंधळून टाकलंय, असं मूळ गाणं. चारशे वर्षांत चिकटलेलं धुऊन निघालं. कुठल्या चालीचं धुऊन निघेल आणि कुठलीचं नाही, हे आधी सांगता येत नाही.

आणि सगळ्या सुधारकांना लूथर समजू नका. झुरिकचा झ्विंग्ली स्वतः बरीच वाद्यं वाजवायचा, तरी त्यानं उपासनेतून संगीत पूर्ण काढलं. झुरिकच्या चर्चमध्ये गाणं परतलं १५९८ मध्ये.

संपादक
दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतराच्या वादाला वेगळे धागे आहेत, इथं नको.

वसईकरीण
पेटीवाला, मुलाचं राहिलंच. माझी मुलगी पंधराची. आम्ही याद्या तपासणं बंद केलं, कारण ती दुसरी यादी ठेवायची. आता रविवारी जेवणानंतर प्रत्येकानं आठवड्यातलं एक गाणं मोठ्यानं लावायचं, सगळ्यांसमोर, शेवटपर्यंत. आजीसमोर लावताना पोरं आपणच निवडतात. एकदा तिनं लावलेलं मधेच थांबवलं आणि म्हणाली, "मम्मी, हे इअरफोनमध्ये इतकं घाण वाटत नव्हतं."

खरा त्रास गाणं संपल्यावर आपोआप लागणाऱ्या पुढच्या गाण्याचा आहे. ते कुणीच निवडलेलं नसतं. ते बटण मी सगळ्यांच्या फोनात बंद केलंय.

पेटीवाला
उशीर झाला, कापूस वेचणीत होतो. सगळं दोनदा वाचलं, बाईंचं तीनदा.

वसईकरीण ताईंची युक्ती केली. मुलानं रॅप लावलं. विषय म्हणाल तर कारखान्याचं थकलेलं ऊसबिल आणि एका बापाचा फास. मी काही बोलू शकलो नाही. दुसरं लावलं ते तिसऱ्या ओळीलाच त्यानं बंद केलं. मी संतवाणी लावली. तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही तान ऐकताय की शब्द?" ऑगस्टीनला भेटल्यासारखं झालं. खरं सांगतो, तान. कित्येक वर्षं तानच.

पाळकसाहेबांकडे गेलो होतो. त्यांचं मत तेच आहे, माझं अर्धं बदललंय. घरी, एसटीत, रेडिओवर ऐकतो ते ऐकणार. सप्ताहाचं अजून ठरत नाही. मंडळीतली एक म्हातारी, नव्यानं विश्वासात आलेली, तिच्या घरच्यांनी तिला ती क्लिप दाखवून म्हटलं, बघ, तुमचा पेटीवालाही परत आला. हे मला पाळकांनी सांगितलं. ते ऐकल्यापासून झोप नीट नाही. दुर्बळ भाऊ म्हणजे कोण, हे पुस्तकात सोपं वाटतं. आणि दुसरीकडे अण्णांची जागा आहे. त्या जागेवर दुसरं कुणी बसायला तयार नाही, कारण शिकलेला मी एकटाच.

निघताना साहेबांनी विचारलं, माझ्या मुलीला पेटी शिकवाल का, आठ वर्षांची आहे. बुधवारपासून सुरू केलंय. अलंकार.

टाळकरी
यंदा नाही बसलात तरी गाव काही म्हणणार नाही, हे मनात ठेवा. मंडळाकडे पेटी आहे का स्वतःची? मुंबईहून एक जुनी पाठवू शकतो.

पेटीवाला
तेच लिहायचं राहिलं होतं. मंडळाची पेटी अण्णांच्या वेळीच भात्यातून गेली. गेली नऊ वर्षं सप्ताहात जी वाजते ती मंडळीचीच पेटी आहे. शुक्रवारी रात्री मोटारसायकलवर नेतो आणि रविवारी पहाटे आणून ठेवतो. पाळकसाहेबांना हे अजून माहीत नाही.

शब्दजीवी
दादा!! आधी ते सांगून टाका.